मुलाला घेऊन गेलो, गृहपाठ मला मिळाला

पणजीतल्या एका समुपदेशन केंद्राबद्दल लिहितोय. नाव लिहीत नाही. एक तर दोन-तीन तक्रारी आहेत. दुसरं म्हणजे गोवा एवढासा. फोंडा तालुका, अकरावी सायन्स आणि केंद्राचं नाव एवढं कळलं की पुढच्या सोमवारी पालखीला लोक माझ्या मुलाच्या तब्येतीची चौकशी करायला लागतील.

जूनमध्ये हायर सेकंडरी सुरू झाली आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं. सोमवारी हमखास, आणि प्रॅक्टिकल असलं की नक्कीच. कधी उलटी, कधी छातीत धडधड. सोनोग्राफी केली, रक्त तपासलं, थायरॉईडही बघितला. सगळं व्यवस्थित. माझ्या आईनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, देवाला गाऱ्हाणं घातलं. मी काय केलं? कॉलेजला चिठ्ठ्या लिहिल्या. ‘मुलाला ताप आहे.’ ऑगस्टपर्यंत सात वेळा. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच सांगितलं, हे पोट नव्हे, भीती आहे, सायकॉलॉजिस्टकडे न्या.

आता तक्रारी. केंद्र पहिल्या मजल्यावर, दार काचेचं, जिन्यावरून येणारा-जाणारा प्रत्येक जण आत डोकावतो. रिसेप्शनवरच्या मुलीनं पहिल्या दिवशी पूर्ण नाव घेऊन हाक मारली. मुलगा उठलाच नाही, मी उठलो. फॉर्म फक्त इंग्रजीत. माझ्या बायकोनं तो तीन वेळा वाचला आणि माझ्याकडे सरकवला. पन्नास मिनिटांच्या बैठकीचे 1,200 रुपये. आठ बैठका झाल्या, हिशेब तुम्हीच करा. माझी विम्याची पॉलिसी भरती झाल्याशिवाय एक पैसा देत नाही.

तरीही पाचपैकी चार गुण देतोय, ते आतल्या मॅडममुळे.

पहिल्या बैठकीत तिघंही आत होतो. मॅडमनी मुलाला विचारलं, ‘तुला कधी जास्त त्रास होतो?’ मी म्हटलं, ‘व्हायवाच्या दिवशी.’ ‘झोप लागते?’ मी म्हटलं, ‘उशिरा झोपतो, मोबाईल.’ तिसऱ्या प्रश्नाला त्या माझ्याकडे बघून नुसत्या थांबल्या. मला कळलंच नाही. परत येताना गाडीत बायको म्हणाली, ‘तुमी घरांतूय प्रॉम्प्टिंग करतात.’

हे सांगायला हवं, की मी गावच्या नाटकात गेली बावीस वर्षं प्रॉम्प्टर आहे. जत्रेच्या नाटकाला विंगेत पाटावर बसतो, मांडीवर वही, हातात टॉर्च. नट अडखळला की वाक्य पुरवायचं. चांगला प्रॉम्प्टर नट अडखळण्याच्या आधीच ओठ हलवतो, याचा मला अभिमान. कोणी पाहुणा घरी येऊन मुलाला ‘कितवीत रे तू?’ म्हणाला, तर उत्तर माझंच. हॉटेलात त्याची ऑर्डर मी देतो. न्हाव्याला केस किती कापायचे तेही मीच सांगतो.

मॅडमनी पुढे जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. भीतीची लाट चढते, दहाएक मिनिटांत शिगेला जाते आणि मग आपोआप उतरते. पण माझा मुलगा ती उतरेपर्यंत तिथं थांबतच नव्हता, कारण मी त्याला आधीच बाहेर काढत होतो. सुटका झाली की बरं वाटतं, आणि डोकं एवढंच शिकतं की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या सोमवारी पोट आणखी दुखतं. माझी प्रत्येक चिठ्ठी म्हणजे त्या भीतीला खतपाणी होतं.

मग पायऱ्यांची यादी. प्रत्येक पायरीला भीतीचे गुण, शून्य ते दहा. पहिली पायरी, सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, हॉर्न वाजवत आला की बाहेर जाऊन स्वतः पाव मागायचे: तीन गुण. दुकानात वस्तू बदलून मागणं: पाच. वर्गात सरांना शंका विचारणं: आठ. व्हायवा: दहा. पहिल्या दिवशी पोदेरनं ‘किती?’ विचारल्यावर हा गप्प. मी व्हरांड्यात. जीभ दातांखाली धरून उभा होतो. पोदेर बिचारा सायकलवर एक पाय टेकून थांबला. अखेर आवाज आला, ‘धा उंडे’, म्हणजे दहा पाव. आम्हाला सहाच लागतात. दोन दिवस पाव खात होतो.

माझा गृहपाठ याहून कठीण होता. ‘पप्पा, सगळं बरोबर होईल ना?’ हे तो रात्री दहादा विचारायचा आणि मी दहादा ‘काही होत नाही’ म्हणायचो. आता एकदाच सांगायचं: ‘तुला भीती वाटतेय ते मला दिसतंय, आणि तू ते निभावशील.’ दुसऱ्यांदा विचारलं तरी भर घालायची नाही. चिठ्ठ्या बंद. पहिल्या आठवड्यात त्यानं दार आपटलं, माझ्या आईनं मला निर्दय म्हटलं.

एकदा बैठकीनंतर त्याला जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाच्या पुतळ्यापाशी नेलं आणि माझी बाजू मांडली. कांदोळीचा हा पाद्री फारिया लिस्बनला राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि त्याची वाचाच बसली. तेव्हा खालून बाप कोकणीत पुटपुटला, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’, म्हणजे समोरचे लोक नुसती भाजी समज आणि काप, आणि मुलगा घडाघडा बोलू लागला, अशी आख्यायिका आहे. पुढे त्यानंच संमोहनामागे सूचनेचं बळ असतं हे जगाला सांगितलं. म्हटलं, बघ, बापानं प्रॉम्प्टिंग केलं म्हणून! मुलगा पुतळ्याकडे बघत म्हणाला, ‘पप्पा, ताच्या बापायन एकदांच सांगलें.’

सगळं मिटलेलं नाही. गेल्या महिन्यात केमिस्ट्रीच्या व्हायवाला गेला, जाण्याआधी उलटी केली, दोन प्रश्नांची उत्तरं दिली, तिसऱ्याला ‘येत नाही’ म्हणाला आणि घरी येऊन जेवला.

जाणार असाल तर दोन गोष्टी. पाटी कोणीही लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, नोंदणी आहे का, हे आधी विचारा. सायकॉलॉजिस्ट गोळ्या लिहून देत नाहीत, त्या लागल्याच तर सायकियाट्रिस्ट. पैशांची अडचण असेल तर बांबोळीची आयपीएचबी ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. ‘बांबोळीला नेला’ म्हणून लोक कुजबुजतात, तर कुजबुजोत. रात्री-अपरात्री 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, चोवीस तास, फुकट.

आणि शनिवारी दुपारी तीनची वेळ मागा. पाचची घेतलीत तर मांडवीकाठी पार्किंग शोधण्यातच पंधरा मिनिटं जातात, आणि फोंड्याकडे परतताना वाटेत भोमाला ट्रॅफिकमध्ये अडकता ते वेगळंच.