बीप टेस्ट की यो-यो?

दोन्ही खेळाडूंचा दम मोजणाऱ्या धावण्याच्या चाचण्या. दोन्हींत २० मीटरवर शंकू, स्पीकरवर बीप आणि मागेपुढे धावणं. खरा फरक विश्रांतीचा.

बीप टेस्ट ताशी ८.५ किमीने सुरू होते. दर मिनिटाला वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो, मध्ये थांबणं नाही. सुरुवात सौम्य असल्याने शाळकरी मुलांचा अख्खा वर्ग एकदम धावतो. प्राणवायू वापरायच्या कमाल क्षमतेचा अंदाज हवा असेल तर हीच घ्या.

यो-यो डेन्मार्कचे क्रीडाशास्त्रज्ञ येन्स बांग्सबो यांची. तिच्या रिकव्हरी लेव्हल १ या प्रकारात ताशी १० किमीने सुरुवात होते. जाऊन-येऊन ४० मीटर झाले की १० सेकंद मिळतात. तेवढ्यात ५ मीटर पुढे जाऊन परत रेषेवर यायचं. बीपच्या आत रेषा गाठणं दुसऱ्यांदा हुकलं की बाद. त्या १० सेकंदांत खेळाडूकडे नीट बघा: कुणी गुडघ्यांवर हात टेकतो, कुणी दोन श्वासांत सावरून रेषेवर ताठ उभा राहतो. फुटबॉल, क्रिकेट, कबड्डीत हे सावरणंच लागतं, म्हणून तिथे माझं मत ठामपणे यो-योला.

मात्र दोन्हींच्या लेव्हल एकमेकींशी ताडू नका. क्रिकेटमुळे गाजलेला १६.१ (सोळाव्या लेव्हलची पहिली फेरी) हा आकडा यो-योचा आहे. बीपच्या तक्त्यात १६.१ चा अर्थ वेगळाच आहे.