अर्जदाराची बाजू की कंपनीचं पॅनेल?

सिनियर वकिलाच्या हाताखालून बाहेर पडायचं ठरलंय आणि मोटार अपघात दाव्यांचं काम आवडतंय, तर उभं कोणाकडून राहायचं हा प्रश्न येतोच. साताऱ्यात मी दोन्ही करून पाहिलंय. आधी सहा वर्षं एका विमा कंपनीच्या पॅनेलवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या वकिलांच्या यादीत होतो, आता अर्जदारांकडून, म्हणजे भरपाई मागणाऱ्यांकडून असतो. तुमचा अनुभव वेगळा निघू शकतो, हे आधीच सांगून ठेवतो.

पॅनेलवर फायली चालत येतात. हॉस्पिटलच्या दारातल्या दलालांची ओळख ठेवावी लागत नाही. बिलं रखडतात, पण निघतात. घराचा हप्ता मी त्याच बिलांवर फेडला. शिवाय पॉलिसीच्या अटी, परमिट, फिटनेस, परवाना हे सगळं तिथे जसं पाठ होतं तसं कुठेच होत नाही. माझा आजचा अर्धा युक्तिवाद तिकडचाच आहे. मात्र एक हुकमी बचाव आता हातातून गेलाय. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोच्या आतलं मालवाहू वाहन चालवता येतं, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केलं. छोट्या टेम्पोच्या केसमध्ये 'परवानाच चुकीचा' म्हणून हात झटकणं आता अवघड.

अर्जदारांकडून काम घेतलं की पहिली दोन वर्षं कपाट भरतं आणि खिसा रिकामाच राहतो. स्टॅम्प, झेरॉक्स, डॉक्टरांना साक्षीला आणायची गाडी, सगळं तुमच्याकडून जातं. अमेरिकेत असल्या दाव्यांत वकील जिंकल्यावर भरपाईतला साधारण एकतृतीयांश घेतो आणि ते तिथे राजरोस चालतं. आपल्याकडे निकालावर फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. बाररूममध्ये काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी आपला टप्प्याटप्प्याने ठरावीक फी घेतो, आणि काही जण बुडवतात. त्यात भरपाईची रक्कम बरेचदा बँकेत मुदत ठेवीत जाते, त्यामुळे जिंकलेला पक्षकारही 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतो. १ एप्रिल २०२२ पासून अर्जाला सहा महिन्यांची मुदतही परत आलीय, म्हणजे दहाव्याला भेटलेला माणूस वर्षश्राद्ध उरकून आला की डोक्याला हात.

पण कामाची गंमत इकडेच आहे. खंबाटकी घाटात अपघातात गेलेल्या एका वेल्डिंगवाल्याचं उदाहरण घ्या. वय ३४, मागे बायको, दोन मुलं, आई. आम्ही उत्पन्न महिना १५,००० सांगितलं, कंपनी १०,००० च्या वर जाईना. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरले की १५,००० चे होतात २१,०००. चार अवलंबित, म्हणून स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा: १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. त्याच न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात या वयाला गुणक १६. एकूण ३०,२४,०००. हेच १०,००० धरून केलं तर २०,१६,०००. महिन्याच्या पाच हजारांवर दहा लाख आठ हजारांचा फरक! आणि ते पाच हजार सिद्ध कशाने करायचे? त्याचा ना आयटी रिटर्न, ना पगारपत्रक. दुकानाची थ्री-फेज वीजबिलं, वेल्डिंग रॉडच्या पावत्या आणि ग्रीसचे ठसे उमटलेली उधारीची वही, एवढंच त्याच्या बायकोने पिशवीतून आणलं. प्रत्येक कागदाला निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक पडताना बघायला मला अजूनही आवडतं.

आता मी पॅनेल का सोडलं ते. कारण क्षुल्लक वाटेल. कंपनीच्या लेखी म्हणण्याचा, म्हणजे अर्जाला कोर्टात द्यायच्या उत्तराचा एक नमुना होता. त्यात सामनेवाला क्र. २ म्हणजे कंपनी. त्यात परिच्छेद ४ असा: 'दि. अमुक रोजी सदर अपघातात मयत हा मरण पावला हे म्हणणे खरे नसून सामनेवाला क्र. २ यास मान्य व कबूल नाही.' आपणच त्याला मयत म्हणायचं आणि तो मेल्याचं नाकारायचं. यामागचं शास्त्र मलाही कळतं. जे स्पष्ट नाकारलं नाही ते कबूल धरलं जातं, दिवाणी प्रक्रिया संहितेत तसं लिहूनच ठेवलंय. पण कंपनीच्याच तपासनिसाने आणलेला पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट माझ्या फायलीत असायचा. एवढं एक वाक्य काढू का, असं मी तीनदा विचारलं. उत्तर ठरलेलं: नमुन्यात बदल नको, ऑडिटला अडचण येते.

एकदा जावळीकडचे एक म्हातारे बाबा आमच्या म्हणण्याची प्रत हातात घेऊन व्हरांड्यात माझ्यापाशी आले. मराठीतच होती, त्यांनी ती नीट वाचली होती. म्हणाले, "वकीलसाहेब, मग पोरगं हाय कुठं?" चिडून नाही, खरंच विचारत होते. मी त्यांना कायद्याची पद्धत वगैरे सांगितलं. त्यांनी कागदाची घडी घालून टोपीत ठेवली. त्यानंतरही मी दीड वर्ष तेच वाक्य टाकत राहिलो, कारण हप्ता होता.

तुम्हाला ते वाक्य टोचणार नसेल तर पॅनेल वाईट नाही, हे मी मनापासून म्हणतोय. तुमच्यामागे घरचा आधार नसेल तर निदान सुरुवात तिकडूनच करा.

इकडच्या बाजूला आणखी एक दार उघडतं: कोठडीतला मृत्यू, बेकायदा अटक यांबद्दल सरकारकडून भरपाई. निर्दोष सुटूनही चौदा वर्षं तुरुंगात राहिलेल्या रुदल साहला १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून एकूण ३५,००० मिळाले. नीलाबती बेहेरांच्या नुसत्या पत्राची तिथे याचिका झाली आणि १९९३ मध्ये कोठडीत मेलेल्या मुलापोटी दीड लाख. पोट भरण्याइतकं हे काम येत नाही; माझ्याकडे आजवर दोनच आली. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, त्यामुळे निदान मुंबईच्या खेपा वाचल्या. माझ्याकडची ही दोन्ही कामं जुन्या अपघात दाव्यातल्या पक्षकारांनी पाठवली होती. पॅनेलवर असताना असं कुणी माझं दार वाजवलं नव्हतं.

पॅनेलचा अर्ज भरायचाच असेल तर येऊन जा. जुना नमुना माझ्या कपाटात आहे. परिच्छेद ४ वाचा आणि मग भरा.