'रन'चा अर्थ शोधायचा तर हीच डिक्शनरी

मराठी माध्यमाच्या नववी-दहावीच्या मुलांना मी इंग्रजी शिकवते. 'फोटोसिंथेसिस' त्यांना जड जात नाही, अर्थ एकच, पाठ होतो. अडतं ते 'रन', 'सेट', 'गेट'पाशी. 'रन म्हणजे पळणे' हे पाचवीपासून पक्कं, त्यामुळे 'माय अंकल रन्स अ हॉटेल' या वाक्यात काका हॉटेल पळवतात!

अशा मुलांना मी ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीच घ्यायला सांगते. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. तिथल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश 1942 मध्ये जपानात निघाला, 1948 मध्ये ऑक्सफर्डने छापला, तोच हा. घरात इंग्रजी नसलेल्यांचा विचार त्यात मुळापासून आहे.

'रन' काढून बघा. अर्थ भरपूर, पण बहुतेकांच्या आधी छोटं शीर्षक आहे: व्यवस्थापन, बस-गाड्या, द्रव, रंग, निवडणूक. वाक्यात हॉटेल आहे ना, मग व्यवस्थापनाखाली बघ, एवढं सांगितलं की मुलं स्वतः शोधतात. नळ वाहतो, धुताना रंग जातो, बस दर तासाला सुटते, उमेदवार उभा राहतो, विहीर आटते; प्रत्येकाची जागा सापडते. क्रिकेटमधली धाव नामाच्या नोंदीत. 'रन आउट ऑफ', 'रन इंटू' शेवटी वेगळे दिलेत. क्रियापदाला कर्म लागतं की नाही, हेही लिहिलेलं असतं, आणि वाक्य रचताना मुलांना सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

अर्थ मात्र इंग्रजीतूनच आहेत. पाचवी-सहावीला हे झेपणार नाही, त्यांना इंग्रजी-मराठी कोशच द्या. पण नुसती मराठी शब्दांची रांग देणारा, उदाहरणाचं एकही वाक्य नसलेला खिशातला कोश नववीनंतर नको.

ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशात, म्हणजे अनेक खंडांच्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत, 'रन' या क्रियापदाचे 645 अर्थ आहेत. ती नोंद तयार करायला संपादक पीटर गिलिव्हर यांना नऊ महिने लागले. शाळेसाठी तिथवर जायची गरज नाही. मी ही गोष्ट वर्गात सांगते ती घाबरलेल्या मुलांना धीर यावा म्हणून.

वेबसाइट फुकट आहे, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकता येतात. तरी घरात सगळ्यांत मिळून एकच फोन असेल तर पुस्तक घ्या. रद्दीवाल्याकडे जुनी आवृत्ती मिळाली तरी चालेल, 'रन'साठी ती पुरते.