दिंडोरीत वाइनद्राक्ष लावायचं, तर शेनिन की शिराझ?

जातीच्या आधी जमीन बघा. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, त्यामुळे गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, पुढे ढकलावी लागते. निफाडच्या खोल काळ्या जमिनीत वेल नुसता पाल्यावर जातो, शिवाय थंडीत पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. दिंडोरीतल्या, साधारण सहाशे मीटर उंचीवरच्या मुरमाड उतारावर पाणी साचत नाही. तिथे दोन्ही जाती येतात, म्हणूनच निवड अवघड.

शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाइनच्या जातीला माल भरपूर लागतो आणि आम्लता चांगली टिकते. सप्टेंबरअखेर छाटली तर साधारण फेब्रुवारीत उतरते, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडी अडकत नाही. स्पार्कलिंगसाठी, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनसाठी, १८-१९ ब्रिक्सलाच (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तोडतात, साध्या वाइनसाठी २१-२२ पर्यंत थांबतात. तिचं दुखणं घडात आहे. घड गच्च, साल पातळ. मण्यांत पाणी उतरल्यावर, म्हणजे ते पिकायला लागल्यावर, अवकाळी पाऊस झाला की आतले मणी एकमेकांना दाबून फुटतात, रस गळतो आणि आंबट कूज बाहेरून दिसायच्या आत घड पोखरते. फवारणी आतपर्यंत पोचतच नाही. म्हणून फुलोऱ्यानंतर मणी धरल्यावर लगेच घडाभोवतीची पानं काढायची, पण फक्त सकाळच्या उन्हाच्या बाजूची. पश्चिमेकडची काढली तर मणी भाजतात.

लाल वाइनच्या शिराझचा घड त्या मानाने मोकळा, कूज कमी. फुटवे मात्र लांब आणि लवचीक, वाऱ्यात बुडातून मोडतात. तारांत वेळेवर अडकवावेच लागतात. तोडणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि खरी गोची तिथेच. रात्री उबदार झाल्या की आम्लता झपाट्याने घसरते, मणी सुरकुततात. पाणी उडाल्यामुळे साखर २४ दिसते आणि पिकल्यासारखं वाटतं. नुसत्या ब्रिक्सवर तोडू नका, सामू (पीएच; आम्लता घटली की हा वाढतो) ३.६ च्या पुढे जायच्या आत माल उतरवा.

पावसाचा धोका पेलवत नसेल तर शिराझ. स्पार्कलिंगवाल्या वायनरीचा पक्का करार हातात असेल तर शेनिन, कारण माल लवकर निघतो.

करार मात्र दोन्हींना रोप लावायच्या आधीच हवा. बारीक, बियांचा हा माल पिंपळगावच्या बाजारात खायचं द्राक्ष म्हणून कुणी घेत नाही. तोडणीची तारीख कोण ठरवणार, ब्रिक्स कमी भरला तर दर किती कापणार आणि पहाटे भरलेली क्रेट कुणाच्या गाडीने जाणार, हे त्यात लिहून घ्या.