कमी उंचीच्या चालकांसाठी मीटिऑर ३५०

माझी उंची पाच फूट एक इंच असल्याने लांबच्या प्रवासासाठी मोटारसायकल निवडताना मी आधी आसनाची उंची पाहते. रॉयल एनफिल्डच्या मीटिऑर ३५० मध्ये ती ७६५ मिलिमीटर असल्यामुळे सिग्नलला थांबल्यावर माझे दोन्ही तळपाय जमिनीवर टेकतात, आणि हा दिलासा मला फार मोलाचा वाटतो. बजाज अ‍ॅव्हेंजर २२० चे आसन ७३७ मिलिमीटरवर, म्हणजे आणखी खाली आहे. खरी कसोटी वजनाची आहे. मीटिऑरचे वजन १९१ किलो असल्याने ती उतारावर नेहमी तोंड चढाकडे ठेवून, गिअरमध्ये लावावी, म्हणजे निघताना मागे रेटावी लागत नाही. शोरूममध्ये बसून पाहताना प्रवासातलेच बूट घालावेत.