वायरलेस कार्डाचा नवा ड्रायव्हर: वेग आला, डुलकी कायम

जोडणीचा वेग सेकंदाला ३०० मेगाबिट दिसत असूनही फाइल सर्व्हरवर चढवताना त्याचा जेमतेम दहावा हिस्सा पदरात पडत असेल, तर दोष कार्डाचा की ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, म्हणजे ड्रायव्हरचा, हे सहजी कळत नाही. लिनक्सवर चालणाऱ्या माझ्या लॅपटॉपपुरता हा प्रश्न ड्रायव्हरच्या नव्या आवृत्तीने निकालात काढला. कार्ड, राउटर आणि चॅनेल तेच असताना फाइल चढवण्याचा वेग तिपटीच्या पुढे गेला.

जुन्या आवृत्तीत पाठवणीच्या बाजूचे ॲग्रिगेशन (माहितीचे तुकडे एकत्र बांधणे) बंद होते. वायरलेसमध्ये प्रत्येक पाठवणीआधी चॅनेल मोकळे होण्याची वाट पाहावी लागते आणि नंतर पोच घ्यावी लागते. दीड हजार बाइटच्या एकेका फ्रेमसाठी, म्हणजे माहितीच्या तुकड्यासाठी, हे सोपस्कार करत बसले, तर माहितीपेक्षा त्यांतच अधिक वेळ जातो. म्हणूनच २००९ सालच्या ८०२.११एन मानकात अनेक फ्रेम एकत्र बांधून पाठवण्याची आणि ६४ फ्रेमपर्यंतची पोच एकदम देण्याची सोय आहे. ती सोय असलेले कार्ड विकायचे आणि ड्रायव्हरमध्ये ती बंद ठेवायची, याला काय म्हणावे? बदलांच्या नोंदीतही ‘कार्यक्षमतेत सुधारणा’ एवढेच मोघम लिहिले आहे.

पॉवर सेव्हची, म्हणजे वीज वाचवायला कार्डाने अधूनमधून झोपण्याची, खोड मात्र गेलेली नाही. राउटरचा बीकन, म्हणजे त्याचा ठरावीक वेळाने येणारा संकेत, साधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी येतो; मधल्या काळात कार्ड झोपले की त्याच्यासाठी आलेले पॅकेट पुढच्या बीकनपर्यंत राउटरकडेच पडून राहते. त्यामुळे शेजारच्या राउटरला पिंग केले (उत्तर किती वेळात येते ते तपासले) तरी एक उत्तर दोन मिलिसेकंदांत येते आणि पुढच्याला नव्वद लागतात. वेगचाचणीत कार्ड सतत जागे असल्याने हा दोष दिसत नाही, पण एसएसएचने दूरच्या संगणकावर टाइप करताना अक्षरे अडखळत उमटतात तेव्हा तो चांगलाच जाणवतो.

वायरलेसच्या सेटिंग बदलणाऱ्या आयडब्ल्यू (iw) आज्ञेने पॉवर सेव्ह बंद केले, तरी पुन्हा जोडणी होताना जोडण्या सांभाळणारा नेटवर्क मॅनेजर हा प्रोग्राम ते परत चालू करू शकतो. त्याच्याच कॉन्फिगरेशनमध्ये ‘वायफाय पॉवरसेव्ह’चे मूल्य २ ठेवले की ते बंद राहते, २ म्हणजे बंद आणि ३ म्हणजे चालू, ही योजना कोणाला सुचली कोण जाणे. त्याने बॅटरी थोडी लवकर उतरते, पण ज्यांचा लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जरला जोडलेला असतो त्यांनी नव्या ड्रायव्हरसोबत हा बदलही करून घ्यावा.