लोकसंख्येच्या रकान्यात काय भरायचं? जनगणना, अंदाज, नोंदणी आणि सर्वेक्षण समोरासमोर

नगरपरिषदेच्या पाणी योजनेचा अहवाल असो, संस्थेचा अनुदानासाठीचा प्रस्ताव असो की पीएचडीचं दुसरं प्रकरण, 'लोकसंख्या' या रकान्यापाशी हात थबकतो. शेवटची जनगणना 2011 ची. पुढची अधिसूचित झाली ती 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख धरून. मधल्या सोळा वर्षांसाठी चार-पाच आकडे फिरतात आणि गंमत म्हणजे त्यातले बहुतेक सरकारीच आहेत. त्यातला कोणता कुठल्या कामाला उचलावा, एवढंच इथे बघू.

आधी एक खुलासा. काम कायद्याने बांधलेलं असेल तर तुम्हाला निवड नाहीच. प्रभागरचना शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेवर होते, म्हणजे 2011 वर. रेशनचंही तेच. अन्न सुरक्षा कायद्यात ग्रामीण भागातल्या 75 टक्के आणि शहरी भागातल्या 50 टक्के लोकांपर्यंत धान्य जावं असं म्हटलंय, पण टक्के काढलेत 2011 च्या लोकसंख्येवर. महाराष्ट्राचा आकडा सुमारे 7 कोटींवर थांबला तो थांबलाच. रेशन दुकानात 'इष्टांक (लाभार्थ्यांचा ठरलेला कोटा) संपलाय' हे वाक्य ऐकलं असेल, तर त्याचं मूळ इथे आहे. अशा कामात अद्ययावत अंदाज घालून हुशारी दाखवू नका, फाईल परत येईल.

कायद्याचा दोर नसेल, तर पहिला उमेदवार केंद्राच्या तांत्रिक गटाचा लोकसंख्या अंदाज. राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाने नेमलेल्या या गटाने 2011 ते 2036 पर्यंतचे आकडे काढले आहेत. देशाचे 121 कोटी 2036 मध्ये सुमारे 152 कोटी होतील, आणि महाराष्ट्राचे 11.24 कोटी 2021 मध्येच 12.4 कोटींच्या आसपास गेले, असं त्यात दिसतं. रीत सरळ आहे. 2011 मध्ये वीस ते चोवीस वयाच्या बायका 2016 मध्ये पंचवीस ते एकोणतीसच्या झाल्या. त्यातून मृत्युदराप्रमाणे काही वजा करायच्या, पंधरा ते एकोणपन्नासच्या बायकांना जननदर लावून नवी बाळं मिळवायची, आणि असं पाच-पाच वर्षांनी पुढे सरकत राहायचं. वयोगटांचा हिशेब यात चांगला जमतो. राज्यात 2026 मध्ये साठीपुढचे किती, हे विचारायचं असेल तर दुसरीकडे जाऊच नका, कारण ते सगळे 2011 मध्ये मोजून झालेले आहेत.

याची दुखरी नस आहे स्थलांतर. राज्याराज्यांतलं मागच्या दशकातलं येणं-जाणं तसंच चालू राहील असं या गटाने धरलं आणि परदेशी जाणारे-येणारे हिशेबाबाहेर ठेवले. करोनात लोक पायी गावी निघाले, काही परतले, काही नाही. त्यातलं काही या आकड्यात नाही, असायचं कारणही नाही. अंदाज मांडताना एवढं गृहीत धरावंच लागतं. ते गृहीतक विसरून आकडा वापरला की मात्र फसगत होते.

दुसरी मर्यादा अशी की हा अंदाज राज्यापाशी संपतो. जिल्ह्याचा, तालुक्याचा जो 2024 किंवा 2025 चा आकडा नेटवर दिसतो, तो कुणीतरी कॅल्क्युलेटरवर केलेला असतो. ते किती धोक्याचं आहे ते ठाण्यावर करून बघा. अविभाजित ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 81,31,849 होती, 2011 मध्ये 1,10,60,148. वाढ दर दशकात तेवढीच डोकी अशी धरली, तर 2021 मध्ये सुमारे 1 कोटी 40 लाख. वाढ तेवढेच टक्के अशी धरली, तर सुमारे 1 कोटी 50 लाख. दोन्ही पद्धती पाणी योजनांच्या अहवालांत रोज वापरल्या जातात. दोन उत्तरांतला फरक साडेदहा लाखांचा. सबंध सिंधुदुर्ग जिल्हा साडेआठ लाखांचा आहे, म्हणजे तो या फरकात मावून वर जागा उरते. शिवाय 2014 मध्ये पालघर वेगळा झाला, तेव्हा 'ठाणे' म्हणजे कुठलं ठाणे हेही आधी ठरवावं लागतं.

आता जन्म-मृत्यूंकडे येऊ. इथे दोन स्रोत शेजारीशेजारी उभे आहेत आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात.

एक नागरी नोंदणी. 1969 च्या कायद्याने एकवीस दिवसांत जन्म नोंदवायचा, दाखला घ्यायचा. राज्यात जवळपास 95 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, त्यामुळे जन्म सहसा सुटत नाही. पण जन्म नोंदवला जातो जिथे झाला तिथे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सून पनवेलची, माहेर कराडचं, तर बाळाची नोंद कराडला, आणि चार महिन्यांनी बाळ राहायला पनवेलला. त्यात मोठी सरकारी रुग्णालयं ज्या शहरात, तिथे आजूबाजूच्या तालुक्यांची बाळंतपणं. नुसत्या दाखल्यांवरून शहराचा जन्मदर काढणाऱ्यांनी दवाखान्यांचा जन्मदर काढलेला असतो. आईच्या राहत्या पत्त्यानुसार तक्ता मिळाला तरच ही नोंद वापरा.

दुसरा नमुना नोंदणी, म्हणजे एसआरएस. देशभरात निवडलेले 8,842 नमुना घटक आणि त्यात सुमारे 84 लाख माणसं. गावातला किंवा वस्तीतला एक अर्धवेळ गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो. दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस त्याची वही न बघता घरोघर जाऊन तेच विचारतो. मग दोन्ही याद्या जुळवतात, आणि न जुळलेल्या घटना पुन्हा घरी जाऊन पडताळतात. मला ही कल्पना फार आवडते. समजा पहिल्याने 90 जन्म टिपले, दुसऱ्याने 80, आणि दोघांच्या यादीत सामाईक निघाले 72. म्हणजे दुसऱ्याच्या 80 पैकी पहिल्याला 72, म्हणजे दहातले नऊ सापडले होते. मग त्याचे 90 हे खऱ्या आकड्याच्या नव्वद टक्के, आणि खरा आकडा 100 च्या आसपास. दोघांनाही न दिसलेल्यांचा असा हिशेब 1949 मध्ये चंद्रशेखर आणि डेमिंग या अभ्यासकांनी मांडला, तोही बंगालमधल्या सिंगूर आरोग्य केंद्राच्या माहितीवर.

एसआरएस 2020 नुसार महाराष्ट्राचा जननदर बाईमागे 1.5 मुलं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तो 1.7 आहे. घाबरू नका, कुणी खोटं बोलत नाहीये. कुटुंब सर्वेक्षणात मुलाखतीआधीच्या तीन वर्षांची सरासरी असते, एसआरएसमध्ये एका वर्षाची. कल बघायचा तर एसआरएस घ्या. मात्र ते दर देतं, डोकी देत नाही, आणि जिल्ह्यापर्यंत उतरत नाही.

जन्म-मृत्यू असे दोन-तीन बाजूंनी पकडता येतात. आले-गेले सुटतात, आणि ते फक्त आपल्याकडेच सुटतात असं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2011 ची जनगणना झाली, तेव्हा आधीच्या जनगणनेवरून वर्षावर्षाने पुढे आणलेल्या अंदाजापेक्षा 4,64,000 माणसं जास्त निघाली. बराचसा दोष स्थलांतराच्या मोजणीचा होता. विमानतळावर थोड्या प्रवाशांना विचारून देशात कोण राहायला आलं ते ठरवायची त्यांची रीत होती, आणि पूर्व युरोपातून आलेले त्यातून निसटले.

आपल्याकडे स्थलांतरासाठी ताजा सर्वेक्षण-आकडा आहे श्रमशक्ती सर्वेक्षणाचा, जुलै 2020 ते जून 2021. त्यानुसार देशातले 28.9 टक्के लोक स्थलांतरित. वाचून वाटतं, केवढी ही रोजगारासाठीची धावपळ! आत बघितलं तर पुरुषांत प्रमाण 10.7 टक्के, बायकांत 47.9 टक्के, आणि त्यातल्या 86.8 टक्के बायकांचं कारण लग्न. सासरी नांदायला गेलेली बाई इथे स्थलांतरित आहे. परप्रांतीयांच्या लोंढ्यावर लेख लिहिताना जो हा 28.9 फेकतो, त्याने तक्ता उघडलेला नाही.

आणि ज्यांना आपण डोळ्यांनी जाताना बघतो, ते यात नाहीत. बीडच्या वाड्यावस्त्यांवरून मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेले ऊसतोडीचे कोयते दिवाळीनंतर निघतात, साखर कारखान्याच्या परिसरात कोप्या (झोपड्या) घालून राहतात, पाडव्याच्या आगेमागे परततात. (कोयता म्हणजे इथे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी.) सर्वेक्षणात राहतं ठिकाण म्हणजे सलग सहा महिने मुक्काम. कोयता त्याआधीच घरी. जनगणना त्याहून वेगळी वागते. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी, म्हणजे ऐन गळीत हंगामात. त्या सबंध काळात जो घरी नव्हता, त्याला जिथे असेल तिथे मोजायचा नियम. त्यामुळे बीडमधल्या तांड्याची लोकसंख्या बघताना काही माणसं सांगलीच्या फडावर मोजली गेली असणार हे धरून चाला. हंगामी कामगारांवर काम करणाऱ्यांनी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची, म्हणजे एनएसएसची, 2007-08 ची 64 वी फेरी शोधावी. त्यात कामासाठी एक महिना ते सहा महिने बाहेर राहिलेले वेगळे काढलेत. जुनी आहे, पण तिचा प्रश्न बरोबर आहे.

रेल्वे तिकिटांवरून काढलेले आकडेही ऐकू येतात. 2016-17 च्या आर्थिक पाहणीने अनारक्षित तिकिटांवरून, 2011 ते 2016 या काळात वर्षाला सुमारे 90 लाख लोक राज्य ओलांडतात असं मांडलं. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या डिसेंबर 2024 च्या टिपणात देशातले स्थलांतरित 2011 पेक्षा सुमारे 12 टक्क्यांनी घटून 40.20 कोटींवर आल्याचा अंदाज आहे. वारा कुठून कुठे वाहतोय ते कळायला हे छान. संख्या म्हणून मी नाही घेणार. लग्नाला निघालेला आणि कामाला निघालेला एकाच डब्यात बसतो आणि तिकीटही एकच काढतो. आधारची तर गोष्टच सोडा. काही राज्यांत अंदाजित लोकसंख्येपेक्षा आधार क्रमांक जास्त आहेत, कारण माणूस गेला म्हणून त्याचा क्रमांक आपोआप जात नाही.

मग शहर किंवा गाव पातळीवर काय? तिथे मी घरांवरून मोजणीच्या बाजूचा आहे. अमेरिकेची जनगणना संस्थासुद्धा लहान शहरांसाठी हेच करते: घरं किती, त्यातली राहती किती, घरटी माणसं किती. आपल्याकडे मालमत्ता कराच्या यादीतली घरं घ्या, वीजबिलावरून बंद घरं वगळा, आणि घरटी माणसं 2011 चीच न घेता शे-दोनशे घरं स्वतः विचारून ठरवा. दहा दिवसांचं काम आहे. राज्याच्या अंदाजाला आपल्या गावाचा 2011 मधला टक्का लावण्यापेक्षा हे केव्हाही बरं. तो टक्का कसा हलतो ते मुंबईत बघा. 2001 ते 2011 मध्ये राज्य 16 टक्के वाढलं आणि मुंबई शहर जिल्हा साडेसात टक्के घटला.

कोकणात मात्र तेवढ्यानेही भागत नाही. रत्नागिरी जिल्हा त्याच दशकात 16,96,777 वरून 16,15,069 वर आला आणि हजार पुरुषांमागे बायका 1,122. हे आकडे फेब्रुवारीचे. चाकरमानी येतो भाद्रपदात, आणि बंद घर दहा दिवस पंधरा माणसांचं होतं. तिथली टाकी ठरवायची असेल तर ग्रामसेवकाकडून गेल्या तीन वर्षांतल्या गणपतीतल्या टँकरच्या खेपा मागवा आणि त्या लोकसंख्येच्या रकान्याशेजारी वेगळ्या रकान्यात लिहा.